परसातली दुर्बीण आणि देवयानीचे चित्र

महाशिवरात्रीला प्रतापगडला मोठी यात्रा भरते. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या परिसरात हा डोंगर आणि त्यावरचा जुना किल्ला आहे. भोवती जंगल आणि धानाची शेती. यात्रेकरूंच्या दृष्टीने ही जागरणाची रात्र. आकाश पाहणाऱ्यांच्या दृष्टीनेही ती जागरणाचीच असते, कारण महाशिवरात्र येते माघ वद्य चतुर्दशीला. चंद्राची अगदी बारीक कोर उगवते ती पहाटेच्या सुमारास, आणि तोवर सारी रात्र काळोखी मिळते.

यात्रेच्या दिव्यांपासून दोन-तीन किलोमीटर दूर, एखाद्या मोकळ्या बांधीत उभे राहावे. अंधार पडल्यावर लगेच वायव्येकडे पाहिले, तर क्षितिजापासून सुमारे वीस अंशांवर एक पुसट, लांबट ठिपका दिसतो. देवयानी तारकासमूहातली ही दीर्घिका. तिच्यापासून निघालेला प्रकाश सुमारे २५ लाख वर्षे प्रवास करून आपल्यापर्यंत आलेला असतो. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसू शकणाऱ्या वस्तूंमध्ये बहुधा हीच सर्वांत दूरची. विद्यार्थ्याला ती दाखवली की त्याचा पहिला उद्गार मात्र बहुतेक वेळा निराशेचा असतो: "एवढंच?"

पुस्तकातल्या रंगीत चित्रातली भव्य चक्राकार देवयानी आणि बांधीतून दिसणारा हा धुरकट ठिपका, या दोहोंतले अंतर कापायला माणसाला बराच काळ लागला. त्या इतिहासाचा महत्त्वाचा भाग मोठ्या सरकारी वेधशाळांत घडलेला नाही. तो घडला हौशी माणसांच्या घरामागच्या बागेत. परस म्हणा किंवा झाडीपट्टीतली सांदवाडी म्हणा, तिथे उभ्या केलेल्या दुर्बिणींनी हे काम केले. आणि या कथेचा एक धागा पुण्यातूनही जातो.

डोळा आणि काच

आपला डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. सेकंदाच्या एका लहानशा भागात जेवढा प्रकाश आत येईल तेवढ्यावर तो चित्र बनवतो आणि लगेच पुढच्या चित्राकडे वळतो. त्यामुळे अंधुक वस्तूकडे तासभर टक लावून पाहिले तरी ती अधिक उजळ होत नाही. छायाचित्राच्या काचेचे तसे नसते. तिच्यावरच्या चांदीच्या क्षारांवर पडलेल्या प्रकाशाचा परिणाम साचत जातो. पहिल्या मिनिटाला जे उमटले नाही ते साठाव्या मिनिटाला उमटू शकते.

फ्रान्समध्ये १८३९ साली छायाचित्रणाची कला जाहीर झाली, परंतु सुरुवातीच्या पद्धती आकाशातल्या अंधुक वस्तूंसाठी फार मंद होत्या. नंतर काही वर्षे काच ओली असतानाच चित्र घ्यावे लागे. ती वाळली की काम संपले. १८७१ नंतर जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या काचा आल्या आणि तासन्‌तास प्रकाश घेणे शक्य झाले. अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी १८८० साली मृगातल्या तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. ड्रेपर हे पेशाने डॉक्टर. १८८३ साली इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन यांनी त्याच तेजोमेघाचे अधिक चांगले चित्र घेतले. कॉमन हे सांडपाण्याच्या व्यवस्थेचे अभियंते होते, आणि त्यांची ३६ इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण लंडनजवळ ईलिंग येथे त्यांच्या घरच्या बागेत उभी होती. त्या दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारे त्यांच्या काचेवर उमटले होते. डोळ्यापेक्षा काच अधिक पाहते, हे आता सिद्ध झाले.

रॉबर्ट्स यांची देवयानी

आयझॅक रॉबर्ट्स यांचा जन्म १८२९ सालचा, वेल्समधला. लहानपणीच ते लिव्हरपूलला आले, बांधकामाच्या धंद्यात उमेदवारी करू लागले आणि पुढे त्याच धंद्यात यशस्वी झाले. हाती पैसा आल्यावर त्यांनी हौस पुरवायचे ठरवले. डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्यातून त्यांनी २० इंच व्यासाच्या आरशाची परावर्ती दुर्बीण बनवून घेतली आणि लिव्हरपूलजवळ मगल या गावी, राहत्या घरापाशी ती बसवली. तिचे नाभीय अंतर १०० इंच म्हणजे सुमारे अडीच मीटर होते.

अशा दुर्बिणीने तासन्‌तास चित्र घेणे म्हणजे काय, याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखा आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश सेकंदाला १५ विकला सरकते. देवयानीची क्रांती सुमारे ४१ अंश उत्तर असल्याने तिच्या बाबतीत हा वेग सेकंदाला सुमारे ११ विकला पडतो. २५४० मिलिमीटर नाभीय अंतरावर याचा अर्थ असा, की दुर्बीण स्थिर ठेवली तर काचेवर प्रतिमा दर सेकंदाला ०.१४ मिलिमीटर सरकेल. एका मिनिटात ८ मिलिमीटरांहून अधिक! म्हणून दुर्बीण घड्याळी यंत्राने आकाशाबरोबर फिरवावी लागे. यंत्रातली बारीकसारीक चूक सुधारण्यासाठी सोबत जोडलेल्या दुसऱ्या दुर्बिणीतून एका ताऱ्यावर नजर ठेवून थंडीत बसून राहावे लागे.

१८८८ च्या अखेरीस रॉबर्ट्स यांनी अशा रीतीने देवयानीची छायाचित्रे घेतली. त्यांपैकी २९ डिसेंबरचे सर्वांत प्रसिद्ध आहे. त्यासाठी त्यांनी सुमारे चार तास प्रकाश घेतला. काच धुतल्यावर जे दिसले ते त्यापूर्वी कोणीही पाहिलेले नव्हते. मोठ्या दुर्बिणींतून पाहून काढलेल्या हस्तचित्रांत देवयानी म्हणजे एक तेजस्वी ढग आणि त्यात एक-दोन काळ्या रेघा, एवढेच असे. या काचेवर मधला तेजस्वी गाभा होता, त्याभोवती तिरपे दिसणारे पट्टे वळलेले होते, आणि त्यांच्यामध्ये काळ्या फटी होत्या.

याचा अर्थ काय लावायचा? त्या काळी लाप्लास यांची कल्पना मान्यता पावलेली होती: फिरणारा वायूचा ढग आकसतो, त्यातून कडी सुटतात, कड्यांतून ग्रह बनतात आणि मध्ये सूर्य उरतो. रॉबर्ट्स यांना आणि त्यांचे चित्र पाहणाऱ्या अनेक खगोलशास्त्रज्ञांना वाटले की ही कल्पना आता डोळ्यांसमोर उभी आहे. एक सूर्यमाला जन्माला येत आहे आणि तिचे छायाचित्र मिळाले आहे. देवयानीजवळच्या लहान दीर्घिकांना बनू पाहणारे ग्रह समजले गेले!

चित्र बिनचूक होते. त्याचा लावलेला अर्थ साफ चुकीचा होता. ज्याला एका सूर्याचे पाळणाघर समजले गेले, ते अब्जावधी ताऱ्यांचे विश्व होते. रॉबर्ट्स यांना १८९५ साली रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, ते योग्यच होते. १९०४ साली ते वारले, तेव्हाही देवयानी प्रत्यक्षात किती दूर आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. छायाचित्र आकार दाखवते, पण अंतर सांगत नाही. जवळचा लहान ढग आणि दूरचे प्रचंड विश्व काचेवर सारख्याच मापाचे उमटू शकतात.

पुण्यातली वेधशाळा

याच वर्षी, म्हणजे १८८८ साली, पुण्याच्या सायन्स कॉलेजात (आजचे अभियांत्रिकी महाविद्यालय) एक वेधशाळा उभी राहिली. तिचे संस्थापक कावसजी दादाभाई नायगमवाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन करीत असताना त्यांनी वर्णपटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळेची कल्पना मांडली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ साली ५००० रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. पुढे त्या कल्पनेची वेधशाळा झाली आणि तिला महाराजांचे नाव मिळाले. या वेधशाळेत ग्रब बनावटीची २० इंची परावर्ती दुर्बीण होती. त्या काळी भारतातली ती सर्वांत मोठी दुर्बीण होय. कारखाना तोच आणि आरशाचा व्यासही रॉबर्ट्स यांच्या दुर्बिणीएवढाच.

नायगमवालांचा प्रश्न मात्र वेगळा होता. प्रकाश कोणत्या आकाराच्या वस्तूतून येतो यापेक्षा तो कशाचा बनलेला आहे हे त्यांना पाहायचे होते. १८६४ साली इंग्लंडमध्ये विल्यम हगिन्स यांनी, तेही आपल्या घरच्याच वेधशाळेतून, एक महत्त्वाची गोष्ट दाखवली होती. काही तेजोमेघांच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला तर थोड्याच तेजस्वी रेषा दिसतात. म्हणजे तो विरळ, तप्त वायू असला पाहिजे. देवयानीचा वर्णपट मात्र ताऱ्यांच्या वर्णपटासारखा सलग दिसे.

मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा आहे. नॉर्मन लॉकयर यांचे म्हणणे होते की हा मॅग्नेशियममुळे येणाऱ्या एका पट्ट्याचा अवशेष आहे. असे असेल तर रेषेची एक बाजू हळूहळू विरत गेलेली दिसायला हवी. नायगमवालांनी पुण्यातून तिचे निरीक्षण केले आणि १८९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. रेषा रेखीव आहे, एका बाजूला विरत जात नाही. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांची मोजमापेही लॉकयर यांच्या विरोधातच गेली. मग ही रेषा कशाची? उत्तर मिळायला १९२७ साल उजाडावे लागले. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या अणूंकडून, अतिशय विरळ वायूतच ती निर्माण होते, असे आयरा बोएन यांनी दाखवले. वाचकांनी ही हिरवी रेषा लक्षात ठेवावी. ती पुन्हा भेटणार आहे.

२२ जानेवारी १८९८ रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर येथून खग्रास सूर्यग्रहण दिसले. तिथे नायगमवालांनी तळ टाकला होता आणि लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांचाही तळ होता. १९१२ साली नायगमवालांच्या निवृत्तीबरोबर पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली.

जुन्या काचांचा उपयोग

जेऊरचे ग्रहण झाले त्याच वर्षी कीलर लिक वेधशाळेचे संचालक झाले. त्यांनी हाताशी घेतलेली दुर्बीण म्हणजे ईलिंगच्या बागेतली कॉमन यांचीच ३६ इंची दुर्बीण. मधल्या काळात ती एडवर्ड क्रॉसली यांनी विकत घेऊन लिकला भेट दिली होती. या हौशी दुर्बिणीने कीलर यांनी चक्राकार तेजोमेघांची छायाचित्रे घेतली, तेव्हा एकेका काचेवर अनपेक्षितपणे इतरही अनेक लहान तेजोमेघ उमटलेले आढळले. साऱ्या आकाशात असे लाखभर तरी तेजोमेघ असावेत, असा त्यांचा अंदाज झाला. १८९९ साली जर्मनीत यूलियस शायनर यांनी देवयानीच्या वर्णपटाचे छायाचित्र घेतले. त्यात सूर्याच्या वर्णपटातल्यासारख्या काळ्या रेषा होत्या. हा ताऱ्यांचाच समूह असला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष. पुण्यात नायगमवालांनी जी वाट धरली होती, त्याच वाटेने देवयानीच्या स्वरूपाचा पहिला खरा पुरावा मिळाला.

पण अंतराचे काय? इथे काचांचा आणखी एक गुण उपयोगी पडला: त्या जपून ठेवता येतात. १९१७ साली एका चक्राकार तेजोमेघात नवतारा सापडला, तेव्हा लिक आणि माउंट विल्सन येथे जुन्या काचा पुन्हा काढून तपासण्यात आल्या. त्यांत आणखी नवतारे सापडले. घेतेवेळी ते कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. हे नवतारे इतके अंधुक होते की ते असलेले तेजोमेघ फार दूर असले पाहिजेत, असा युक्तिवाद हीबर कर्टिस यांनी केला. उलट बाजूलाही काचांचाच आधार घेतला गेला. एड्रियान व्हान मानेन यांना जुन्या-नव्या काचांची तुलना करताना चक्राकार तेजोमेघ फिरताना दिसले. ते खरे असते तर तेजोमेघ जवळचेच असले पाहिजेत. ती मोजमापे पुढे चुकीची ठरली. तेव्हा काच खोटे बोलत नाही हे खरे, पण काच वाचणारा चुकू शकतो.

ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांनी १०० इंची दुर्बिणीने देवयानीचे चित्र घेतले. त्यात त्यांना एक नवतारा सापडला असे वाटले आणि त्यांनी काचेवर तशी खूण केली. नंतर जुन्या काचांशी ताडून पाहता तो तारा उजळतो, मंदावतो आणि पुन्हा उजळतो असे आढळले. त्यांनी आधीची खूण खोडली. हा सेफीड जातीचा रूपविकारी तारा होता. अशा ताऱ्यांचा आवर्तकाल आणि त्यांची खरी तेजस्विता यांचा संबंध हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ साली मांडला होता. त्यावरून हबल यांनी अंतर काढले: सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे. आजचा आकडा २५ लाखांच्या आसपास आहे, पण देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे त्यावेळीच निश्चित झाले. रॉबर्ट्स यांच्या चित्राचा अर्थ लागायला ३५ वर्षे लागली.

आजचा परस

१९६९ साली अमेरिकेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी हा प्रकाशसंवेदक शोधला. त्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जुन्या काचेवर पडणाऱ्या शंभर प्रकाशकणांपैकी एखाद-दुसराच नोंदला जाई. आजच्या संवेदकात निम्म्याहून अधिक नोंदले जातात. शिवाय एक लांब चित्र घेण्याऐवजी अनेक छोटी चित्रे घेऊन संगणकावर त्यांची बेरीज करता येते. शंभर चित्रे एकत्र केली की संकेत आणि गोंगाट यांचे प्रमाण दहापट सुधारते. बांधकाम व्यावसायिकाच्या संपत्तीशिवाय जे जमत नव्हते, ते आता २० सेंटिमीटरच्या दुर्बिणीने साध्य होते. महाराष्ट्रात तर अशी दुर्बीण स्वतः बनवण्याची परंपराही आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून, तर मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून हौशी मंडळींना आकाशाची ओळख करून देत आले आहे. पुण्याच्या आयुका संस्थेने आरसे घासून दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत.

मग हौशी माणसाला आता नवे काही शोधायला उरले आहे का? याचे उत्तर देवयानीनेच दिले. जर्मनीतले मार्सेल ड्रेक्सलर आणि फ्रान्समधले झाव्हिए स्ट्रॉटनर व यान सेंटी यांनी जानेवारी २०२३ मध्ये एक शोध प्रसिद्ध केला. हे तिघेही हौशी छायाचित्रकार. सेंटी यांनी दहा-अकरा सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाच्या दुर्बिणीने अनेक रात्री देवयानीचा प्रकाश गोळा केला होता, आणि त्यासाठी एका ठरावीक हिरव्या प्रकाशालाच वाट देणारी गाळणी वापरली होती. चित्रात देवयानीच्या शेजारी एक विस्तीर्ण कमान उमटली. जगातली सर्वांत जास्त छायाचित्रे घेतलेली ही दीर्घिका. तरीही तोवर ती कमान कोणाला दिसली नव्हती. आणि तो हिरवा प्रकाश कोणता? दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचा. नायगमवालांनी पुण्यातून तपासलेली रेषा ती हीच.

आता ही कमान देवयानीपाशी आहे की आपल्याच आकाशगंगेत, वाटेत कुठेतरी आहे? चित्रावरून ते सांगता येत नाही. त्यासाठी वर्णपट, वेग, अंतर अशी इतर मोजमापे लागतात, आणि ती जवळचीच, आपल्या आकाशगंगेतली असण्याकडे काही अभ्यासांचा कल आहे. १८८८ सालचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे.

वर्गासाठी

देवयानी पाहायला मार्गशीर्षातल्या संध्याकाळी उत्तम. तेव्हा ती डोक्यावरून थोडी उत्तरेकडे असते. भाद्रपदांच्या चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून ईशान्येकडे दोन तारे मोजावेत, दुसऱ्या ताऱ्यापाशी वायव्येला वळून आणखी दोन अंधुक तारे मोजावेत. त्या शेवटच्या ताऱ्याशेजारी देवयानी आहे.

दुर्बीण नसली तरी चालेल. ५० मिलिमीटर भिंगाचा कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून पाच-पाच सेकंदांची चित्रे घ्यावीत. तेवढ्या वेळात प्रतिमा केवळ ०.०१४ मिलिमीटर सरकते. देवयानीची लांबी आकाशात सुमारे ३ अंश, म्हणजे सहा पूर्णचंद्र शेजारी शेजारी ठेवल्याएवढी. तेव्हा संवेदकावर ती अडीच मिलिमीटरांची उमटेल. बाहेरचा फिकट भाग लगेच दिसणार नाही. चित्रांची संख्या वाढवत नेली की तो कसा प्रकट होतो, हे मुलांना स्वतः पाहू द्यावे.

या साऱ्याला काळोख लागतो. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले अंधार-आकाश उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तिथल्या गावांतले दिवे प्रकाश खालीच पडेल असे बदलण्यात आले. प्रतापगडच्या परिसरातल्या शाळांना काळोख मुद्दाम निर्माण करावा लागत नाही. जो आहे तो राखला तरी पुरे. शहरातल्या शाळांच्या हाती असलेले कितीतरी जास्त किमतीचे सामानही त्याची भरपाई करू शकत नाही.

शेवटची गोष्ट वहीची. प्रत्येक चित्रापुढे तारीख, वेळ, ठिकाण, भिंग आणि प्रकाश घेण्याचा काळ लिहावा. त्याखाली दोन रकाने आखावेत: 'काय दिसले' आणि 'काय वाटले'. रॉबर्ट्स यांच्या वहीत असे दोन रकाने असते, तर दुसरा आज खोडावा लागला असता. पहिल्यातला एक शब्दही बदलावा लागला नसता.